कुवतीचा लाडू

कार्तिकातले कोवळे ऊन विहिरीवरच्या मोटेच्या थारोळ्यात उतरले होते. मोर्शीकडच्या त्या लहानशा गावात मनकर्णाबाई माळीण मेथीच्या जुड्या धूत बसली होती. तिचा नवरा उत्तमराव मोट हाकत होता. थोरला लेक सहदेव लिंबाच्या बुंध्याशी पेंगत होता, आणि त्याच्या ओठावर माशी बसली होती.

"सहदेवा, माशी तं हाकल रे बाबू!"

"हाकलतो माय," तो म्हणाला. त्याचा हात मात्र हलला नाही.

हाच सहदेव एके काळी गावचा पहिलवान होता. आपल्या वऱ्हाडात अब्रूदार गाव म्हटले की गावाने पोसलेला पहिलवान आलाच. एका घरचे दूध, दुसऱ्या घरचे तूप, पाटलाकडचे बदाम. बदल्यात त्याने जत्रेच्या दंगलीत गावाचे नाव राखायचे. आणि कुस्तीच्या दिवशी सकाळी कुवतीचा लाडू. अफू, कुचल्याचे बी आणि आणखी काय काय घालून उस्ताद तो दाराआड वळायचा. मारुतीपुढे ओवाळून आईनेच तो लेकाच्या तोंडात घालायचा, अशी रीत. त्याला म्हणायचे मारुतीचा प्रसाद. प्रसादाला नाही म्हणू नये, हे आम्ही कीर्तनातच शिकलो. तो वळला कोणी, हे विचारायला मात्र शिकलो नाही.

पहिल्या वेळी सहदेवाने तोंड वाकडे केले, तेव्हा मनकर्णाबाईनेच उस्तादाला सांगितले होते, "थोडा गूळ वाढवा, कडू लागते लेकराले." मायेचीच गोष्ट! शेवटच्या कुस्तीत सहदेवाचा खांदा निखळला. त्याला कळलेच नाही. तो लढत राहिला, जिंकला, आणि गावाने त्याला नाचवत आणले. दुखणे समजले तोवर हाड वाकडे बसले होते. कुस्ती सुटली, अफू सुटली नाही. गावाने दूध बंद केले आणि म्हटले, "पोट्टा व्यसनानं वाया गेला."

आता गावाने धाकट्या गोवर्धनाला पोसले होते, आणि त्या दिवशी कौंडण्यपूरच्या जत्रेत त्याची अकोल्याच्या पहिलवानाशी जोड लागली होती.

मेथी तशीच टाकून मनकर्णाबाई मारुतीच्या पारावर गेली. डफडे वाजत होते. खुशालराव पाटलाने पळसाच्या पानावर लाडू आणला. वर जास्वंदीचे फूल होते.

"आटपा बाई, उशीर होऊन राहिला. अकोल्याचा गडी तगडा हाय म्हन्तेत."

तिने लेकाला ओवाळले. लाडू उचलला आणि तिचा हात थबकला.

"पाटील, हा मारुतीचा परसाद हाय ना?"

"हाय तं! आज काहून इचारता?"

"परसाद एकट्यानं खाऊ नाई. तुमच्या सूर्यभानले पयले द्या."

पाटलाचा सूर्यभान बापाच्या मागे सरकला. कोणीतरी फिदीफिदी हसले आणि लगेच गप्प झाले.

"थट्टा करता काय? तो काय पहिलवान हाय?"

तिने लाडू कुस्करून ताटात घेतला आणि ती माणसांतून फिरू लागली. "घ्या रामराव. घ्या भगवंतराव, परसाद हाय." एरवी साखरेच्या दाण्यालाही पुढे येणाऱ्या ओंजळी मागे गेल्या. रामराव धोतराचा काष्टा नीट करू लागले.

"मले उपास हाय," भगवंतराव पुटपुटले.

"आज कायचा उपास जी?"

भगवंतराव गर्दीत दिसेनासे झाले.

"मंग तुमाले साऱ्यायले ठावं होतं," मनकर्णाबाई म्हणाली. "मलेई होतं. म्याच गूळ वाढवला."

मोट सोडून मागून आलेला उत्तमराव कळवळून म्हणाला, "अवो, गावात राहाचं हाय आपल्याले!"

पण गोवर्धनाने आईच्या हातातले ताट घेतले आणि नालीत पालथे केले. "माय, भाकर बांधून दे. तेच खाऊन लढतो."

वर्धेच्या काठी जत्रा फुलली होती. आखाड्यात गोवर्धन चांगला लढला, आणि हरला. "भाकरीचा पहिलवान!" "जा, मायच्या पदराखाली लप!" ओरडणारे त्याच्याच गावचे होते. बैल जुंपलेल्या पाटलाच्या दमण्या त्याच्यासाठी थांबल्या नाहीत.

मनकर्णाबाई रुक्मिणीच्या देवळाच्या पायरीवर उभी होती. तेवढ्यात अकोल्याच्या पहिलवानाची मिरवणूक डफड्याच्या आणि टाळ्यांच्या गजरात दर्शनाला आली. पायरीवर त्याची आई आरतीचे ताट घेऊन थांबलेली. गुलालाने माखलेला तो पोरगा उजवा हात उंचावून हसत होता, आणि त्या हाताचा पंजा मनगटापासून भलतीकडेच लोंबत होता.

बरगडी दाबत गोवर्धन मागून आला.

"माय, त्याचा हात माया हातात असतानाच मोडला. कडकन आवाज आला. म्हनलं, आता हा थांबन. म्हून म्या सोडलं. तो हासून राहिला होता, माय. हासतच त्यानं मले पाडलं."

मनकर्णाबाई गर्दीत घुसली आणि त्या बाईजवळ गेली. "बाई, ओवाळू नका. पोराचा हात पाहा. त्याले काहीच समजून नाई राहिलं."

त्या बाईने लेकाच्या हाताकडे पाहिले. मग तिने गर्दीवरून नजर फिरवली आणि अगदी हलक्या आवाजात म्हटले, "हळू बोला बाई. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

मनकर्णाबाईने आपल्या लुगड्याचा काठ टरकन फाडला. गोवर्धनाने त्या पोराचा हात अलगद सरळ धरला आणि ती बांधू लागली. पोरगा अजून हसतच होता. त्याच्या आईने ताट खाली ठेवले आणि तोंडात पदर कोंबला.

वाचकहो, टाळ्या आधी कोणी थांबवल्या, ते कळले नाही. डफडे बंद पडले. पायरीवर वऱ्हाडातली भाविक माणसे उभी होती, जन्मभर हरिनामाला टाळी दिलेली. आपले हात आता कुठे ठेवावेत, ते त्यांतल्या एकालाही सुचेना.