माझ्या तबकडीवरचे पंचेचाळीस

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना वाळवणीचा ओव्हन आहे. दिसायला लोखंडी कपाट, पोटात तीन जाळ्या आणि दारावर तापमानाची तबकडी. मी नवा होतो तेव्हा माझी तबकडी इतकी अचूक होती, की मदतनीस काका येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे कौतुक ऐकवत. ती शाबासकी मी वर्षानुवर्षे मिरवली. त्यामुळेच की काय, मला तपासायचे कुणाच्या मनातच आले नाही.

मग संशोधन करणारी ताई आली. रसाच्या कारखान्यातून ती द्राक्षांचा चोथा बादल्या भरभरून आणायची आणि पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची. साली, बिया, देठ. लोक फेकून देतात ते. त्यात अँटिऑक्सिडंट असतात, म्हणजे तेलासारख्या पदार्थांना लवकर खवट होऊ न देणारी द्रव्ये. जास्त उष्णतेने ती नासतात, म्हणून तिने चोथा पंचेचाळीस अंशांवरच वाळवायचे ठरवले होते. वाळला की दळायचा, अल्कोहोलमध्ये भिजवायचा, गाळायचा. तो अर्क मग एका जांभळ्या द्रावणात टाकायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडतो.

रंग काही पुरेसा उडेना.

"काका, माझ्या हातालाच यश नाही बघा."

"मग हात धुऊन पुन्हा करा, ताई. साबण फुकट आहे इथे!"

ती हसली आणि तिने पुन्हा केले. सात वेळा केले. माझी तबकडी पंचेचाळीस दाखवत होती आणि आत मी ऐंशीपर्यंत तापत होतो. लालसर चोथा माझ्या जाळीवर तपकिरी पडताना मी पाहत होतो. ओरडायला मला तोंड नव्हते.

प्रकल्पाची मुदत संपली. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "अगं, चोथ्यात नाही तर नाही. तसं लिही आणि मोकळी हो." तिने लिहिले: 'चोथा उपयुक्त नाही.' मग ती दूर कुठेतरी बाटल्यांची झाकणे तपासायच्या नोकरीवर गेली.

दोन महिन्यांनी काकांनी एक धुतलेली प्लास्टिकची बाटली माझ्यात सुकायला ठेवली. ती आक्रसून मुठीएवढी झाली. काका चक्रावले. त्यांनी आत वेगळा तापमापक ठेवला, आकडा पाहिला आणि तिथूनच फोन लावला.

"ताई, चूक तुमची नव्हती हो. ओव्हनच वाट्टेल तसा तापतोय."

पलीकडून तिने विचारले, "फ्रीजरमध्ये चोथ्याच्या पिशव्या आहेत ना अजून?"

"परवाच फेकून दिल्या. सर म्हणाले, जागा मोकळी करा."

मित्रांनो, जुन्या यंत्राला मान जरूर द्या, पण अधूनमधून त्याची परीक्षाही घ्या. माझी ती वेळेवर झाली असती, तर ताईच्या अहवालातले शेवटचे वाक्य वेगळे असते.