समुद्रासाठी सोडलेली ओळ

मित्रांनो, हल्ली तुमच्या हातात प्लॅस्टिकच्या बाटल्या असतात, म्हणून मला माझी ओळख करून द्यावी लागते. मी फिरकीचा तांब्या. पितळेचा, कडीचा, प्रवासात पाणी न्यायचा. वय झालंय, दोन पोचे पडलेत, पण फिरवून लावायचं झाकण अजून असं घट्ट बसतं की थेंबाची सांडायची बिशाद नाही. काही माणसांच्या पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात. माझं कधी स्थिर राहिलंच नाही. जन्मलो प्रवासासाठी आणि अडकलो सिरसाळा गावातल्या फडताळात, मग दुसरं काय होणार!

आमचे मालक गुरुलिंगअप्पा. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, दुकानामागंच घर. भांडं विकलं की त्यावर ते स्वतः नाव घालून द्यायचे. मांडीवर पोतं, पोत्यावर भांडं आणि छिन्नीवर हातोडीची टकटक. वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली गाव. गिऱ्हाइकं बहुतेक गावातलीच, त्यामुळे ‘सिरसाळा’ तर ते गप्पा मारता मारता, भांड्याकडे न बघता घालायचे. बायका कौतुकानं बघत उभ्या राहायच्या.

लग्नाच्या वर्षी त्यांनी दुकानातून मला उचललं आणि माझ्यावर बायकोचं नाव घातलं, ‘सौ. शांतादेवी’. खालची ओळ मात्र कोरी सोडली.

“गाव कावून न्हाई टाकलं?” नव्या नवरीनं विचारलं.

“तुला समुद्र दावणार हाय. तिथं बसून तिथल्या गावाचं नाव टाकतो.”

बोलायला काय जातंय! पौषात लग्नं नसतात, भांडी उठत नाहीत, जायचं तर तेव्हाच. पण एका पौषात अप्पांच्या आईचं दुखणं, एका पौषात दुकानाचे पत्रे, आणि एका पौषात तर काहीच नाही, नुसता आळस. शांतादेवी मला चिंचेनं लख्ख घासायच्या, उन्हात ठेवायच्या, आणि माघ लागला की मी परत फडताळात. आतल्या आत नुसता चडफडायचो.

मग घरात केबल आली. टीव्हीत हवा तेव्हा समुद्र दिसायला लागला. “आई, इथंच बघ की,” मुलगा रवि म्हणाला, “तिकडं काय येगळा असतोय?” त्यानंच नाव घालायचं विजेचं यंत्र आणलं. घर्र केलं की नाव तयार! अप्पांची छिन्नी गल्ल्याखाली गेली. तसंही अप्पांना बारीक दिसेनासं झालं होतं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही.

घरी येताच शांतादेवींनी मला काढलं आणि अप्पांच्या पुढ्यात ठणकन आपटलं. माझा पहिला पोचा तो.

“यंदाच्या पौषात न्हाई गेलो तर मंग कवा? तुमचे डोळे गेल्यावर?”

अप्पांनी मान खाली घातली. त्याच आठवड्यात भाड्याची ट्रॅक्स गाडी ठरली. ड्रायव्हर गावातलाच, आसाराम.

रत्नागिरीकडच्या आंबोळगडला पोचलो तर सगळं सामसूम. खोल्या देणारी बाई आश्चर्यानंच बघत राहिली. तिच्याकडे लोक मे महिन्यात यायचे. तिनं कुलूप काढलं, कुळथाची पिठी आणि भात वाढला. किनारा म्हणजे काळा कातळ, त्यावर धडका देणारं पाणी आणि कान बधिर करणारा वारा. मी तर हरखून गेलो!

अप्पा मात्र एका जागी बसेनात. “चला माघारी. रवि एकलाच हाय दुकानात.” उठले, बसले, परत उठले. शेवटी शांतादेवींचा हात धरून म्हणाले, “शांते, आवाज लई मोठा हाय. पर दिसंना गं मला. समदं भुरकट.”

शांतादेवींनी त्यांचा हात घट्ट धरला. पण आवाज त्यांनी खणखणीत ठेवला. “मी सांगते की. काळे खडक हायती. पाणी येतंय, आपटतंय, माघारी पळतंय. तुमच्यासारखंच, एका जागी बसंना.”

अप्पा हसले. मग त्यांनी खिशातून छिन्नी-हातोडी काढली. कुणालाही न सांगता आणली होती! मला रिकामं करून मांडीवर घेतलं. शांतादेवींनी त्यांचं बोट कोऱ्या ओळीवर टेकवलं. टकटक सुरू झाली. जन्मभर याचीच तर वाट पाहिली होती मी.

पहिलं अक्षर उमटलं. ‘सि’.

अहो, ओरडणार कसा मी! अप्पांचा हात जुन्या सवयीनं चालला होता. ‘सिरसाळा’. वाकडंतिकडं, पण सिरसाळाच.

“अप्पा, हे तर...” आसारामनं तोंड उघडलं. शांतादेवींनी असे डोळे वटारले की तो गप्पच झाला.

“आलं का नीट?”

“लई झ्याक आलंय,” त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

उन्हाळ्यात अप्पांची नजर पार गेली. परवा ओट्यावर पाणी पिताना त्यांचा अंगठा खालच्या ओळीवरून फिरला. थांबला. परत फिरला. कोरणाऱ्याच्या बोटाला वाचायला डोळे लागत नाहीत.

“शांते! समुद्राच्या गावाचं नाव बी सिरसाळाच हाय व्हय गं?”

मग दोघं असे हसत सुटले की रवि दुकानातून पळत आला. हसता हसता अप्पा परत त्या ओळीवरून अंगठा फिरवत म्हणाले, “एवढ्या वर्सांनी नेलं तुला, अन् तिथं बी घरच लिव्हलं.”

“मंग काय झालं? त्याच्याखाली जागा हाय अजून. पौषात परत जाऊ.”

“मला दिसंना, शांते.”

“मला दिसतंय न्हवं. येक येक अक्षर मी सांगते.”

मित्रांनो, रवि मला मोडीत घालायचं म्हणतोय. पितळेला भाव आहे म्हणे. त्याला कुणीतरी सांगा रे! जुनं भांडं मोडीत टाकण्याआधी त्यावरून एकदा अंगठा फिरवावा, कुणाचा शब्द त्यावर अर्धा राहिलाय का ते बघावं. मला घासा, उन्हात ठेवा. मार्गशीर्ष संपत आलाय, आणि माझ्या अंगावर एक ओळ अजून कोरी आहे.