भट्टीतल्या माणसाचं निशाण

अराबा एशुन दुकानात शिरली तेव्हा एको बेंत्सिलने शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. राजधानी आक्राहून आलेली ही बाई कविता लिहायची, कापडं रंगवायची, सिनेमे काढायची आणि स्टेजवर उभी राहून आफ्रिकेच्या वारशाच्या गोष्टी सांगायची. यातलं एक जरी काम धड जमलं असतं तर बाकीच्यांना हात लावायची वेळ आली नसती, असं एकोचं मत होतं. चार दिवस ती गावात हिंडत होती. केंकीची, म्हणजे मक्याच्या उंड्याची, पानं सोडायची, फोटो काढायची, मग खायची. गावची फान्टी भाषा बोलायची खरी, पण रविवारच्या पाद्र्यासारखी.

"एग्या एको," ती म्हणाली, बापाच्या वयाच्या माणसाला म्हणतात तसं, "दोन नंबर कंपनीची निशाणं तुम्हीच शिवता ना? माझे आजोबा तुमच्याच कंपनीतले. कोबिना एशुन."

"ठाऊक आहे," एको म्हणाला. कोबिना एशुन कुणाला ठाऊक नव्हता?

तिने टेबलावर एक मोठा फोटो पसरला. "परदेशातल्या एका संग्रहात सापडलं हे. आपल्या गावचं, पन्नास वर्षांपूर्वीचं. नोंदीत आजोबांचं नाव आहे. शनिवारी खरं निशाण इथे आणतेय, त्यांनी महिनाभर दिलंय."

एकोचा पाय मशीनवरून खाली आला. लाल कापड. त्यावर पिवळा बिबट्या, आणि त्याच्यासमोर एका पांढऱ्या गोलातून डोकावणारं माणसाचं डोकं.

"हा पूर्वज," अराबा हळुवारपणे म्हणाली. "पृथ्वीच्या गर्भातून बाहेर येतोय. समोर साम्राज्याचा बिबट्या. माझ्या सगळ्या कार्यक्रमाचा पाया हाच आहे."

गर्भ कसला डोंबलाचा. ती मासळीला धूर द्यायची मातीची भट्टी होती, आणि बिबट्या ही एक नंबर कंपनीची खूण. गावात दोन असाफो, म्हणजे लढवय्यांच्या, कंपन्या. पूर्वी त्या खरोखर लढायच्या, पुढे निशाणं नाचवून एकमेकींचे वाभाडे काढायला लागल्या. एका सणाला दगडफेक सुरू झाली तेव्हा दोन नंबरचा कप्तान, म्हणजे हिचा आजा, सरळ भट्टीत जाऊन बसला. पुढच्या सणाला एक नंबरवाल्यांनी त्याचं निशाण करून गावभर नाचवलं. गावच्या राजाने त्याच दिवशी त्यावर बंदी घातली, आणि नंतर ते कुणा गोऱ्याने विकत नेलं.

गावाला एवढंच ठाऊक होतं. ते निशाण एकोने शिवलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन नंबरच्या माणसाने आपल्याच कप्तानाची अब्रू शत्रूसाठी कापडावर शिवायची, याला त्या गावात क्षमा नव्हती. कंपनीच्या बाकावरून उठवतात, आणि मेल्यावर कंपनीचा ढोल वाजत नाही. एको तेव्हा एकवीस वर्षांचा होता. एक नंबरचा शिंपी क्वेसी ओटू इतका ठोंब्या होता की त्याच्याच लोकांनी गुपचूप एकोचं दार ठोठावलं. पैशाला एको भुलला नाही. असा विषय जन्मात पुन्हा हाताला लागणार नाही, एवढंच त्याला कळलं, आणि त्याने तीन दिवस घर बंद करून शिवलं. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे मेले. ओटूही मेला, फुकटची वाहवा घेऊन.

"कुठलंही निशाण बाहेर काढण्याआधी वडीलधाऱ्यांना दाखवायचं असतं म्हणे," अराबा म्हणाली. "म्हणून तुमच्याकडे आले."

रिवाज होता तो दोन्ही कंपन्यांच्या सगळ्या म्हाताऱ्यांना दाखवायचा. बाईने एका म्हाताऱ्यावर भागवलं होतं. एकोने क्षणभर विचार केला. ही तोंडावर आपटली की निशाण गुंडाळून पळेल, आणि ते शिवलं कुणी हे विचारायची कुणाला सवड उरणार नाही.

"छान आहे," तो म्हणाला. "लोकांना फार आवडेल."

शनिवारी सकाळी दोन नंबर कंपनीच्या ठाण्यापुढे, कंपनीची खूण म्हणून बांधलेल्या सिमेंटच्या जहाजाजवळ, गाव जमलं. एका बाजूला दोन नंबरचा बाक, समोर एक नंबरचा, मध्ये ऊन. अराबाने शिंपल्यांच्या माळा घातल्या होत्या आणि पायात काही नव्हतं. ज्यांना चप्पल परवडत नाही त्यांच्या गावात अनवाणी यायचं, ही असल्या लोकांची जुनी खोड, असं म्हणून एकोने तोंड फिरवलं. तिने निशाण उलगडलं आणि गोष्ट सुरू केली. पूर्वज, गर्भ, साम्राज्य.

समोरचा बाक आधी खोकला, मग हलायला लागला. शेवटी एक नंबरची म्हातारी अबा, मासळीवाली, डोळे पुसत म्हणाली, "पोरी, थांब गं बाई, माझं पोट दुखायला लागलं. गर्भ नाही तो, भट्टी आहे. तुझा आजा लपला होता त्यात. माझ्या आईची भट्टी. चार दिवस मासळीला माणसाचा वास येत होता."

सगळं गाव हसलं. दोन नंबरचा बाकसुद्धा. अराबा तशीच उभी राहिली. तिचा चेहरा पडला. एको मनापासून सुखावला. आता गुंडाळेल, म्हणाला तो मनात.

तिने गुंडाळलं नाही. ती निशाणाकडे वळली आणि बराच वेळ बघत राहिली. मग तीही हसली, थोडं रडत. "खरंच की हो. बघा ना, कसा घाबरलाय." आणि अबाकडे वळून म्हणाली, "मावशी, हे शिवलं कुणी? आतापर्यंत मी 'अज्ञात' लिहीत आले."

"आमच्या क्वेसी ओटूने. दुसरं कोण शिवणार?"

"मग आजपासून त्यांचं नाव लावते. जगात जिथे जिथे हे जाईल तिथे तिथे. क्वेसी ओटू." तिने वही काढली.

"ओटू?" एको म्हणाला.

आपण उठून बोललो हे त्याला इतरांनी वळून पाहिल्यावर कळलं. तोंड मिटायला तेव्हाही वेळ होता.

"ओटूला सरळ रेघ कापता येत नव्हती," तो म्हणाला. "त्या डोक्याकडे बघा. दोन टाके आहेत भुवईचे. दोन टाक्यांत भीती आणलीय. ओटूने दोनशे घातले असते तरी भोपळा दिसला असता. ते मी शिवलंय."

हसू जागच्या जागी थांबलं. दोन नंबरचा मुख्य, नाना अमिसा, काठीवर रेलून उठला. एकोचा लहानपणापासूनचा सोबती तो. त्याने आवाज खाली आणला.

"एको, उन्हाने डोकं फिरलंय तुझं. बढाई मारलीस, म्हण. म्हातारा आहेस, लोक हसतील आणि विसरतील. मीही विसरेन. एक शब्द बोल आणि बस खाली."

एकोला बसायचं होतं. त्या बाकावर त्याचा बाप बसला होता, आणि ढोलाशिवाय पुरलेल्या माणसांना त्याने पाहिलं होतं. त्याला खरंच भीती वाटली. त्याने अराबाकडे पाहिलं. तिची पेन्सिल कागदावर थांबली होती. आयुष्यभर त्याने ज्यांना तुच्छ मानलं त्या सगळ्यांत ती वरच्या नंबराला होती, आणि त्याचं नाव लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं.

"मी शिवलं, अमिसा," तो म्हणाला. "तीन दिवसांत. आणि मजा आली मला."

नाना अमिसाने मान फिरवली. बाकावरची माणसं सरकली आणि एकोची जागा भरून गेली. तो समोरच्या बाकाकडे गेला, पण अबाने आपल्या अंगावरच्या कापडाचं टोक बाकावर पसरून ठेवलं आणि उचललं नाही. आपल्याच माणसाला विकणारा तिलाही शेजारी नको होता.

अराबा त्याच्याजवळ आली. "एग्या," ती म्हणाली, "पूर्ण नाव सांगा."

त्याने सांगितलं. ती लिहीत असताना तो उन्हात उभा राहिला आणि तिचं अक्षर किती वाईट आहे ते बघत राहिला.