बिनड्रायव्हरच्या तीन गाड्या

सत्यशीला गंगाखेडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. १९७६च्या हिवाळ्यात परभणीला शिक्षकांचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. परदेशातल्या आपोआप चालणाऱ्या गाड्यांबद्दल तिनं एका मासिकात वाचलं होतं. त्यांचेच नमुने करायचे तिनं ठरवलं. अडचण एकच होती. वडील लिंबाजी एकोणीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर होते. त्यांना हे सांगायचं कसं?

रविवारी ओसरीत पसरलेले पुठ्ठे अन् पत्र्याचे डबे पाहून त्यांनीच विचारलं, "काय करायलीस ग?"

"ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्या, बाबा," ती चाचरत म्हणाली.

लिंबाजी खाली बसले. "तीन हायत. फरक काय?"

"ही पहिली आगगाडी. आपली आपण पळते, थांबते. आतला माणूस फक्त दारं लावतो अन् लक्ष ठेवतो. दुसरी विमानतळावरची, दोन टोकांत नुसती ये-जा करते. तिच्यात कुणीच नसतं. अन् ही लहानी. बटण दाबून ठिकाण सांगायचं, मधे न थांबता थेट नेते."

"मधी म्हैस आली तर?"

"वाट खांबांवर असते. म्हैस चढणार कशी?"

लिंबाजींनी एकेक डबा हातात घेतला. "पहिलीतल्या माणसाचे हाल हायत. काम न्हाई, जबाबदारी मातर हाय. दुसरी घाण्याच्या बैलावानी. लहानी झ्याक हाय."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाचा? एकोणीस वर्षं गोदावरीच्या पुलावरून यायलोय-जायलोय. नदी एकदा बी धड बघितली न्हाई. नजर सारखी रस्त्यावर."

हे त्यांनी घरात कधीच बोलून दाखवलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी तिनं त्यांना रजा काढायला लावली. परभणीच्या एस.टी.वर त्यांचा सोबती ड्रायव्हर रंगनाथ होता. "दादा, पुढं या की!" त्यानं हाक मारली.

"न्हाई. आज खिडकी."

पूल आला. लिंबाजी मांडीवरचं नमुन्यांचं खोकं दोन्ही हातांनी धरून बाहेर वाकले. वाळूत टरबुजाच्या वाड्या होत्या, बाया धुणं वाळत घालत होत्या.

"दोन धारा हायत की माय!" ते म्हणाले. "मला वाटायचं, एकच हाय."

प्रदर्शनात परीक्षकांनी तिन्ही गाड्यांतला फरक विचारला, तेव्हा सत्यशीलानं पहिल्या गाडीतल्या माणसाचे हालही सांगितले. दुसरा नंबर आला. लिंबाजी संध्याकाळपर्यंत टेबलापाशीच उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी विचारत, "कुठं जायचंय?" अन् मग लहानी गाडी बोटानं हळूच पुढं ढकलत.