ऑस्मरची तीन वर्षं

आमच्या मिलवॉकीच्या बेसबॉल लीगमध्ये संघ कागदावरचे असतात, खेळाडू मात्र खरे. ते मैदानावर जसे खेळतील तसे आम्हाला गुण मिळतात. दर मार्चमध्ये खेळाडूंचा लिलाव, आणि प्रत्येकाकडे सारखेच लुटुपुटीचे डॉलर. घेतलेला खेळाडू करार असेपर्यंत त्याच किमतीला आपल्याकडे राहतो. लीगचा कारभार माझ्याकडे आहे.

ट्रुडी आणि गॉर्डी कोवाल यांचा संघ सामाईक होता. त्या हिवाळ्यात त्यांचा घटस्फोट झाला. घर विकलं, कुत्रा ट्रुडीकडे गेला. संघ मात्र दोघांपैकी कुणीच सोडेना. शेवटी मी सांगितलं, ठीक आहे, पण प्रत्येक निर्णयाला दोघांचा होकार लागेल.

पहिलाच निर्णय अवघड निघाला. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ऑस्मर सहा डॉलरला घेतलेला, आणि त्याचा करार संपत होता. करार वाढवायचा तर वाढवलेल्या प्रत्येक वर्षामागे किंमत पाच डॉलरने चढते. म्हणजे तीन वर्षांसाठी तो दरसाल एकवीसला पडणार. त्यात नुकतंच त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालेलं. पहिलं वर्ष तो घरीच बसणार.

मुदतीच्या शुक्रवारी आम्ही नेहमीच्या बारमध्ये तळलेले मासे खायला जमलो. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. गॉर्डीचं म्हणणं होतं की असा पिचर धडधाकट असला तर लिलावात पस्तीसला जातो. दोन वर्षांचे झाले सत्तर, आणि आपण मोजणार तीन वर्षांचे त्रेसष्ट. एवढ्याशा फायद्यासाठी दुखऱ्या हातावर कोण पैसे लावतो?

ट्रुडी शांतपणे माशाचे तुकडे करत होती. म्हणाली, "तू आजचा भाव धरतोयस. चांगले पिचर सगळेच करार वाढवून अडकवून ठेवतायत. दोन वर्षांनी लिलावात उरणार कोण? जो उरेल तो पंचेचाळीसला जाईल."

"आणि हात बरा नाही झाला तर?"

"तर बुडालो. यंदा तसेही आपण जिंकत नाही, गॉर्डी. संघ बघितलास का आपला?"

बाकीचे हसले. गॉर्डीही हसला, मग ग्लास फिरवत बसला. तसाच हळू आवाजात म्हणाला, "तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं दर आठवड्याला मला फोन करावा लागेल तुला."

"माहितेय," ट्रुडी म्हणाली. "संघाबद्दल आपण कधीच भांडलो नाही. तेवढं तरी राहू दे."

गॉर्डीने माझ्याकडे बघून मान हलवली. मी करार नोंदवला.

पहिल्या वर्षी ते शेवटून दुसरे आले. पुढच्या वसंतात ऑस्मर परतला तेव्हा त्याचे चेंडू कुठेही जात होते. त्या दिवसांत गॉर्डी मला सांगायचा की फोनवर तो ऑस्मरला शिव्या घालतो आणि ट्रुडी त्याला धीर धरायला सांगते. जूनमध्ये हात मोकळा झाला, आणि मग फलंदाजांची धडगत राहिली नाही. तिसऱ्या वर्षी कोवाल संघ दुसरा आला.

लग्न काही पुन्हा जुळलं नाही. गॉर्डी आता एका दुसऱ्या बाईबरोबर राहतो, तिच्याशी ट्रुडीचंही बरं जमतं.

आमच्या नियमात करार एकदाच वाढतो, म्हणून यंदा ऑस्मर लिलावात आला. बोली चाळीसच्या पुढे गेली तसे बाकीचे बाहेर पडले, कोवालांविरुद्ध एकच जण उरला. ट्रुडीने गॉर्डीच्या ताटातला बटाट्याचा काप उचलला आणि विचारलं, "अजून एक डॉलर?"

"सांग की," तो म्हणाला.