पाण्यावरच्या फोटोतला फेटिया

मी फेटिया बोलतोय. आमच्या बंजारा बायका कमरेला नेसतात तो काचा-कवड्यांनी भरलेला घेरदार घागरा. तुम्ही कदाचित मला एखाद्या शहरातल्या फोटोंच्या प्रदर्शनात पाहिलंही असेल. राखाडी तळ्यात एक बाई उभी आहे. भोवती पाण्यावर लाल घेर पसरलाय. तोंडासमोर तिने गोल आरसा धरलाय आणि आरशात नुसतं आभाळ. खाली एकच शब्द लिहिलाय, 'स्वप्न'. लोक थांबतात, मान कलती करून बघतात, "किती शांत वाटतं ना," म्हणतात आणि पुढच्या फोटोकडे जातात.

तो घेर माझा. त्या वेळी तिथे काय चाललं होतं ते मी सांगतो.

माझा जन्म आर्णीजवळच्या एका तांड्यावर झाला. हंसाबाईचं लग्न ठरलं होतं. तिने आणि तिच्या आईने, मोतीबाईने, दारातल्या कडुलिंबाखाली बसून मला शिवलं. लाल जाडंभरडं कापड, त्यावर टाक्याला टाका भिडलेला, मधे आरशाच्या काचांचे तुकडे, तेच माझे डोळे, काठाला कवड्या आणि जुनी नाणी. मला उचलायचं तर रांगतं पोर कडेवर घ्यावं तसा जोर लावावा लागे. हंसाबाई कुरकुरली तेव्हा मोतीबाई म्हणाली, "हलका फेटिया वाऱ्यानं उडते. बाईच्या अंगावर वजन पायजे, म्हणजे ते कुठं बी उभी राह्यली तरी हालत नाही."

हंसाबाई मला नेसून लग्नात नाचली, तीजेच्या सणाला नाचली, पोटुशी असताना माझी नाडी सैल करत गेली. मग तांड्यावर हळूहळू साड्या आल्या. कापसाच्या शेतात वाकायला साडीच बरी पडते. एक दिवस तिने मला उन्हात झटकलं, कडुलिंबाचा पाला घातला आणि लोखंडी पेटीत ठेवलं. वर गोधड्या आल्या, त्यावर आहेराची लुगडी आली. पेटी उघडली की मला उजेड दिसायचा. पुढे पुढे पेटीही उघडेना.

ती उघडली अंजूने.

अंजू हंसाबाईची नात. रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. हंसाबाईनेच तिला वाढवलं, म्हणून ती आजीला याडी म्हणायची, म्हणजे आई. पोरगी शिकली, पुण्याला गेली, कपड्यांच्या कंपन्यांसाठी फोटो काढू लागली. पांढऱ्या भिंतीपुढे हसणाऱ्या पोरींचे फोटो काढून काढून ती कंटाळली होती. एका मासिकाने तिला सांगितलं, कपडे तुझ्या गावाकडचे चालतील, पण फोटो स्वप्नासारखे हवेत. आणि स्वप्न तर अंजूकडे लहानपणापासून होतं. बाई पाण्यावर उभी आहे, फेटिया नेसलेली, आणि तोंडाच्या जागी आरसा आहे.

"याडी, मी जवळ गेली का त्या आरशात मीच दिसाले पायजे," तांड्यावर येऊन ती हंसाबाईला म्हणाली. "पण नाही दिसत. आभाळच दिसते."

"मंग जवळ जात नोको जाऊ," हंसाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

पहिले फोटो पुष्पाचे निघाले. पुष्पा म्हणजे अंजूच्या भावाची, शामची, बायको. फुटलेल्या कापसात लोखंडी पलंग नेऊन ठेवला, त्यावर पुष्पाला झोपवलं आणि तिच्या बाह्यांमधून, गळ्यातून कापूस बाहेर काढला. जणू बोंड फुटावं तशी बाई आतून उलतेय. दुसऱ्या दिवशी तिच्या वेणीला दोर गुंफून गुंफून ती पार बाभळीपर्यंत नेली आणि बांधली. पुष्पाला आधी हसू येत होतं. बाभळीला बांधल्यावर ते गेलं. फोटो मात्र असे निघाले की अंजू स्वतःच बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

चार दिवसांनी पुष्पाने सांगून टाकलं, "ताई, मी नाही येत आता."

"काहून वहिनी?"

"मले माहे सपनंच पडत नाहीत. डोळा लागला का तुमचंच सपन पडते. पाणी, आरसा. अन् ते बाई मले हात करते."

मासिकाला फोटो द्यायचे होते, आणि सगळ्यात मोठा फोटो, तळ्यावरचा, राहिला होता. अंजूचा उतरलेला चेहरा हंसाबाईला बघवेना.

"फेटिया माहा हाय," ती म्हणाली. "मीच राह्यते उभी."

त्या दिवशी ऊन पडलंच नाही. अंजूला तसंच आभाळ हवं होतं. शामने गावतलावात कडेपासून थोडा आत तो पलंग बुडवला, वर घोट्याएवढं पाणी. त्याच्यावर उभं राहिलं की बाई पाण्यावर उभी आहे असं वाटावं. शाम मग आर्णीला बाजारात गेला. पुष्पा काठावर हंसाबाईची साडी हातात धरून बसली. तिला यायचं नव्हतं, पण म्हातारीला एकटं सोडवेना.

किती वर्षांनी मी हंसाबाईच्या कमरेला होतो. तिच्या हाडांना माझं वजन आता जड होत होतं, ते मला कळत होतं. तिने आरसा तोंडासमोर धरला.

"याडी, मी सांगत नाही तवरक आरसा काढू नोको," अंजूने काठावरून सांगितलं.

"नाही काढत."

पाणी माझ्या काठातून वर चढू लागलं. कापडाने ते पिऊन घेतलं. मी जड झालो, आणखी जड झालो. पलंगाचा एक पाय गाळात सरकला. मग दुसरा, आणि पलंग उतारावरून खोल पाण्याकडे घसरू लागला. हंसाबाई उभीच होती, पण पाणी तिच्या गुडघ्यावर आलं, मग मांडीवर. माझा घेर हवा धरून पाण्यावर पसरला. खरंच सुंदर दिसला असेल. काठावरून कॅमेऱ्याचा आवाज लागोपाठ येत होता.

"अंजू," आरशामागून हंसाबाई म्हणाली, "पलंग खाली जाऊन राह्यला वं. काढू का आरसा?"

"थांब याडी. अशीच. अशीच राय."

पाणी कमरेला आलं.

"अंजू, काढू का?"

"एकच मिनिट."

घेरातली हवा संपली आणि मी तिला खाली ओढू लागलो. ओढायचं माझ्या मनात नव्हतं; भिजलेल्या कापडाला, काचांना, नाण्यांना दुसरं काही येत नाही. पाणी छातीला लागलं तरी तिच्या हातातला आरसा हलला नाही. नातीचा फोटो बिघडू नये म्हणून तिने तो तसाच धरून ठेवला होता. तिसऱ्यांदा ती बोलली तेव्हा पाणी ओठांना लागलं होतं; बोलणं अर्धं पाण्यात गेलं.

पुष्पाने साडी टाकली आणि धावत पाण्यात शिरली. म्हातारीला ओढायला गेली तर ती हलेना. मग तिने पाण्याखाली हात घालून माझी नाडी तोडली. मी सुटलो, खाली गेलो. वर दोघींचे पाय काठाकडे जाताना दिसले. दुसऱ्या दिवशी शामने मला गळ टाकून काढलं.

अंजू त्या दिवशी याडीच्या पायाशी बसून खूप रडली. पण फोटो तिने ठेवले. आणि त्यातून निवडला तो कमरेएवढ्या पाण्यातला.

पुढे त्याचं कौतुक झालं, प्रदर्शन भरलं. अंजू मोठा फोटो घेऊन तांड्यावर आली. हंसाबाईला पाण्याने धरलेला खोकला अजून सुटला नव्हता. तिने फोटो मांडीवर घेतला, बोटाने आरसा चाचपला.

"यात मी बोलून राह्यली ते आयकू येते का कोणाले?"

"नाही, याडी."

"हं." तिने फोटो परत दिला.

मग अंजूने सांगितलं. एका मोठ्या कंपनीला हेच स्वप्न पुन्हा हवंय, धरणाच्या पाण्यात, शहरातली मॉडेल घेऊन. फेटिया मात्र हाच पाहिजे. सगळी काळजी घेऊ म्हणाली. उद्या सकाळी निघायचं आहे.

हंसाबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आज दुपारी अंजू पुष्पाशी बोलायला शेतात गेली, तेव्हा तिने मला लिंबाखाली आणलं, कात्री घेतली आणि काठापासून सुरुवात केली. नाणी सुटली, कवड्या सुटल्या. आता ती काचा काढतेय. एकेक काच जाते तसं मला कमी दिसतं. आधी शेतं गेली, मग रस्ता. दुखत नाही. तिचे हात मला ओळखीचे आहेत.

तो फोटो तुम्हाला कुठे दिसलाच, तर त्यापुढे उभं राहून शांत वाटतं म्हणू नका. एवढंच माझं मागणं. त्या आरशामागे एक म्हातारी विचारत होती, आणि जिला विचारत होती तिला ऐकू येत होतं.

अंजू परत आली आहे. दारापाशी उभी राहून ती हे बघतेय. कॅमेरा तिच्या गळ्यात आहे आणि तिचा हात त्याच्यावर गेलाय, सवयीने गेला असेल.

"काढ फोटो," हंसाबाई मान वर करून म्हणाली. "आता माहं तोंड दिसते."

अंजूचा हात तिथेच राहिला. हंसाबाई खोकली आणि तिने शेवटच्या काचेच्या टाक्याखाली कात्री घातली.