नव्याण्णव टक्क्यांची मुलगी

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एकनाथराव राहतात. पार्सल कंपनीत बुकिंग क्लार्क. दोन पिढ्यांमागे घराणे औशाहून आले, पण घरात अजून भाकरी ज्वारीचीच लागते आणि ती गरम लागते. एका साध्या मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला त्यांची मुलगी त्रिवेणी कॉलेजच्या बसमधून उतरली, जिना चढली आणि दप्तर खाली ठेवण्याआधी तिने चहाचे आधण ठेवले. तिला कुणी सांगितले नव्हते. या घरात मुलीला काही सांगावे लागत नाही, याचा आई गंगूबाईंना अभिमान होता.

त्रिवेणी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर होता आणि त्याच्यापुढे तिचा मोठा भाऊ रितेश होता. रितेश दोन वर्षे बँकेच्या परीक्षांची तयारी करत होता. तयारी बरीच चाले, परीक्षा क्वचित होई. लॅपटॉप पोरीच्या नावचा आणि पोराच्या हाताखालचा, अशी वाटणी कुणी केली नव्हती. पाणी उताराला जाते तशी ती झाली होती.

त्यातच कॉलेजात नवी पद्धत आली. आणली रसिका मॅडमनी. पुण्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे हैदराबादला आलेल्या, हुशार आणि मनाने स्वच्छ. वर्गात तासभर फळ्याकडे बघत बसण्यापेक्षा मुलांनी व्याख्यानाचे व्हिडिओ घरी पाहावेत, व्हिडिओच्या मध्ये दिलेले प्रोग्राम घरीच लिहावेत आणि वर्गात जोडीने काम करावे, अशी ती पद्धत. कुणी किती पाहिले ते संगणक आपोआप मोजणार. सर्वांना एकच व्हिडिओ, म्हणजे सर्वांना समान संधी. मॅडमच्या घरी दोन माणसे होती आणि तीन लॅपटॉप.

त्रिवेणीच्या घरचे काय त्या मोजणाऱ्या संगणकाला दिसत नव्हते, ते आपण पाहू. पीठ मळणे, भाकऱ्या, वडिलांचे ताट, भांडी, सकाळच्या डब्याची भाजी निवडणे. रितेश अंघोळीला गेला की वीस मिनिटे लॅपटॉप मोकळा. आठवड्याचे पाच दिवस धरले तर एक तास चाळीस मिनिटे. व्हिडिओ होते आठवड्याला सहा तासांचे. तिने एकदा आईजवळ विषय काढला, तेव्हा गंगूबाई शांतपणे म्हणाल्या, "बटनं दाबून भाकरी नाही भाजत बाई. अगोदर हे आटप, मग बस की, कोण नक्को म्हणतंय."

खरेच, कोणीच नको म्हणत नव्हते.

बहिणीचे टक्के मागे पडतात हे रितेशच्या लक्षात आले, आणि त्याने भावाला शोभेल असा उपाय केला. तिच्या नावाने व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा, एका कोपऱ्यात तो चालू ठेवायचा आणि बाकीच्या पडद्यावर क्रिकेट बघायचे. मध्ये येणाऱ्या प्रश्नांवर तो अंदाजाने टिचकी मारत असे. प्रोग्राम मित्रांच्या गटातून येत. एकनाथरावांना तो म्हणाला की ताईचं टेन्शन मी घेतलोय. लहान बहिणीला तो ताई म्हणे, लाडाने. वडिलांना बरे वाटले. भाऊ पाठीशी उभा आहे, आणखी काय पाहिजे.

वर्गात जोडी लागली हर्षवर्धनशी. मुलगा सभ्य. आवाज चढवणार नाही, दार उघडून धरेल. पहिल्याच दिवशी त्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि म्हणाला, "टाइम कमी आहे यार, मी पटकन टाइप करतो. तू रिपोर्ट बघ ना, तुझं नीटनेटकं असतं." तेव्हापासून दोन तासांच्या प्रयोगात कीबोर्ड एकशेसोळा मिनिटे त्याच्याकडे आणि चार मिनिटे हिच्याकडे असे. ती चार त्याला फोन आला म्हणून. साठांच्या वर्गात मुली नऊ. नऊजणी रिपोर्ट लिहीत, स्लाइडचे रंग ठरवत. कुणी कुणाशी याबद्दल बोलत नसे. प्रत्येकीला वाटे, आपल्याच जोडीदाराला घाई आहे.

डबा ती जिन्याच्या पायरीवर खाई. खालच्या कट्ट्यावर तेलुगूत हसणे चाले, वर्गात इंग्रजी, गल्लीत दखनी, घरी मराठी. चारही भाषा तिला येत होत्या, आणि चारहींत तिला विचारणारे कुणी नव्हते.

मार्चमध्ये या टक्क्यांवरून यादी लागली. कंपन्यांच्या मुलाखतींसाठी खास प्रशिक्षण मिळणार होते तीसजणांना. बाकीच्यांनी आपापले बघावे. पहिल्या क्रमांकावर त्रिवेणी, नव्याण्णव टक्के. एकतिसावी ज्योती. ही वसतिगृहात राहणारी मुलगी ग्रंथालयातल्या एका जुन्या संगणकावर रांग लावून व्हिडिओ पाहायची. एकसष्ट टक्के.

घरी पेढे आले. रितेशने दोन खाल्ले, हक्काने. त्याच संध्याकाळी तो अंघोळीला गेल्यावर त्रिवेणीने एक कोरी फाइल उघडली. दहा संख्यांतली सर्वांत मोठी शोधायची, एवढाच प्रोग्राम. पहिल्या वर्षाचा. वीस मिनिटे ती बसून राहिली. तिला लिहिता आले नाही. एक ओळसुद्धा खात्रीने नाही. आतून पंख्याचा आवाज येत होता, आई कुणाला तरी फोनवर सांगत होती की आमची त्रिवेणी पहिली आली.

पुढच्या शनिवारी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. रसिका मॅडमनी तिला बोलावून पाच वाक्ये लिहिलेला कागद दिला. नव्या पद्धतीने माझ्यासारख्या मुलीला कशी समान संधी मिळाली, वगैरे. मॅडमचे डोळे चमकत होते. एवढ्या आपुलकीने तिच्याशी कॉलेजात प्रथमच कुणी बोलत होते, आणि तेही मराठीत. त्रिवेणी हो म्हणाली.

शनिवारी सभागृहात आलेख दाखवला गेला. सर्वांत उंच खांब तिचा. ती माइकपुढे गेली, पहिले वाक्य इंग्रजीत वाचले आणि थांबली. मग कागदाची घडी घातली.

"हे टक्के माझ्या भावाचे आहेत," ती म्हणाली. "घरी मी व्हिडिओ पाहिलेले नाहीत. वर्गातला प्रोग्रामही मी कधी लिहिलेला नाही. मला यादीतून काढा."

समितीतल्या एकाने पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा ठेवला. हर्षवर्धन चपलांकडे बघू लागला. टाळ्या वाजल्या नाहीत. अशा वेळी त्या वाजत नाहीत.

नियमाप्रमाणे तिचे नाव गेले. ज्योती तिसावी झाली. ती आभार मानायला आली नाही. कशाचे मानायचे हे तिलाही कळले नसावे. घरी रितेश म्हणाला, "तुझ्यासाठीच करत होतो ना मी? वरून मलाच बदनाम केलीस." गंगूबाई दोन दिवस कुणाचा फोन घेत नव्हत्या. एकनाथरावांनी एकदाच विचारले, खरंच तुला काही येत नाही का? तिने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी रितेशला लॅपटॉप द्यायला सांगितले. रितेशची परीक्षा तीन आठवड्यांवर होती, म्हणून तो निर्णय पुढे गेला. तो अजून पुढेच आहे.

सोमवारी मॅडमनी दार लावून विचारले, "अगं, मला आधी का नाही सांगितलंस?" आवाजात राग होता, आणि समितीपुढे झालेली फजितीही.

"तुम्ही टक्के बघत होता, मॅडम. मला विचारलंच नाहीत."

रसिका मॅडम त्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसल्या आणि नऊ मुलींची बोटे कीबोर्डवर किती मिनिटे असतात ते वहीत टिपू लागल्या. संगणकाने हे कधीच मोजले नव्हते. दोन तासांत सरासरी सात मिनिटे. शुक्रवारी त्यांनी प्राचार्यांना पत्र दिले: दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड बदलायचा, आणि सकाळी सात ते नऊ प्रयोगशाळा उघडी ठेवायची. पहिले मान्य झाले. दुसऱ्यासाठी माणूस नाही, असे उत्तर आले. मॅडमनी किल्ली स्वतः मागून घेतली.

वाचकहो, तुमच्याही घरी मुलगी शिकत असेल. फी भरली, पुस्तके घेतली, कुणी नको म्हणत नाही. तिच्या वाट्याला दिवसाची किती मिनिटे येतात, एवढे एकदा घड्याळ लावून पाहा. आणि आकडा आला की तो शेजाऱ्याला सांगण्याआधी तिला सांगा.

पहिल्या दिवशी सातला एकटी त्रिवेणीच आली. पहिली सिटी बस धरायची म्हणून घरच्या भाकऱ्या ती न करताच निघाली होती. त्याबद्दल संध्याकाळी ऐकावे लागणार होते. साठ खुर्च्यांत ती एका खुर्चीवर बसली. दाराजवळ मॅडम पेपर तपासत होत्या, जवळ आल्या नाहीत. तिने दहा संख्या लिहिल्या, पुढच्या सहा ओळी लिहिल्या आणि चालवून पाहिले. चौथ्या ओळीखाली लाल रेघ आली.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. चूक होती, आणि ती तिची स्वतःची होती. तिने खुर्ची पुढे ओढली.